आंबील ओढ्याची रात्र

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले.)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायचे म्हटले तरी माझे हात गार पडतात. पण पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा २०१९ सालच्या पुराविषयी कोणीतरी बोलावे असे मागच्या सभेत ठरले आणि सगळ्याजणी माझ्याकडेच पाहू लागल्या. कारण काय, तर त्या रात्री आपल्या गल्लीत पहिले पाणी आमच्या मोरीतून आले, असे सगळ्या म्हणतात. ते खरे नाही. का खरे नाही, तेच आज सांगायचे आहे, आणि ते मी या मंडळात आजवर कधी सांगितलेले नाही.

अलीकडे राहायला आलेल्या काही भगिनींना आंबील ओढा म्हणजे भिंतीपलीकडचे गटार एवढेच ठाऊक असेल. पण ओढा जुना आहे, आणि मानाचा आहे. कात्रजच्या डोंगरात त्याचा उगम. नानासाहेब पेशव्यांनी सुमारे १७५० साली कात्रजला तळे बांधून जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरातल्या हौदांना पाणी आणले, ते याच ओढ्याचे. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी याचेच पाणी अडवून तळे केले. सारसबागेतल्या गणपतीला आपण ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो तो त्यामुळे. तळ्याची बाग झाली, हौद कोरडे पडले, ओढा मात्र आपला वाहतोच आहे. कात्रजहून पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असा उतरत उतरत दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. उन्हाळ्यात पाहाल तर घोटाभर पाणी, त्यातही साबणाचा फेस आणि पिशव्या. याला भ्यायचे म्हटले तर हसूच यावे.

माझ्या सासूबाईंचे माहेर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. वाडा गेला, वडिलांचे दुकान गेले, शाळेचे दप्तर गेले. दप्तराचे दुःख त्या अजून सांगतात, वाड्याचे फारसे नाही. पूरग्रस्तांसाठी शहरात ठिकठिकाणी वसाहती झाल्या, त्यांत सहकारनगरचा भाग होता. त्यांच्या वडिलांना इकडे जागा मिळाली. नदीपासून लांब, उंचावर, आता पुराची भीती नाही म्हणून माणसे निश्चिंत झाली. दिले-घेतलेही जवळच, त्यामुळे सासूबाईंचा सगळा जन्म याच भागात गेला. नदीने उठवलेल्या माणसांना ओढ्याच्या काठी आणून बसवले आहे, हे अठ्ठावन्न वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. ओढा कोणी हिशेबातच धरला नव्हता.

आता त्या दिवसाचे सांगते. २५ सप्टेंबर २०१९, बुधवार. भाद्रपद वद्य एकादशी. पितृपक्ष सरत आला होता, घटस्थापना चार दिवसांवर. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सासऱ्यांचे पक्ष होते. म्हणून वड्यांची डाळ भिजत घातली होती, अळू, भोपळा, गवार, कारली निवडून परातीत ठेवली होती. उत्तरा नक्षत्र संपायला आले होते आणि हस्त लागायला दोन दिवस होते. या दिवसांत पाऊस कसा पडतो ते तुम्ही सगळ्या जाणताच. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, आणि तिन्हीसांजेला ढगांचा गडगडाट. आषाढातला पाऊस रिपरिप पडतो, सगळ्या गावावर सारखा पडतो. हा परतीच्या दिवसांतला पाऊस तसा नाही. दुपारच्या उन्हाने तापलेली दमट हवा उंच चढते, तिचा डोंगराएवढा ढग होतो आणि तो एकाच ठिकाणी रिकामा होतो. शिवाजीनगरला छत्री नुसती भिजावी आणि कात्रजला धबधबे लागावेत. त्या वर्षी तर पाऊस जायचे नावच घेत नव्हता. देशातून त्याने परतायला सुरुवात केली तीच मुळी ९ ऑक्टोबरला, इतका उशीर हवामान खात्याच्या नोंदीत पूर्वी कधी नव्हता. त्यामुळे डोंगर आधीच पाणी पिऊन तट्ट फुगलेला होता. तळीही भरलेली होती.

संध्याकाळपासून विजा चमकत होत्या. हे रात्रपाळीला गेले होते. घरात मी, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. नऊनंतर पावसाने असा जोर धरला की टीव्हीचा आवाज ऐकू येईना, म्हणून तो बंद केला. थोड्या वेळाने दिवेही गेले. पोरे गोधडीत शिरली. मुलगी विजेपासून आवाजापर्यंत आकडे मोजत होती. तीन आकड्यांना एक किलोमीटर, असे तिला शाळेत शिकवले होते. ‘आई, दीड किलोमीटर... आई, एक...’ असे तिचे चालले होते.

दहाच्या सुमारास दारावर थापा पडल्या.

आता इथे मला थोडे मागे जायला हवे. आपल्या गल्लीत चौदा बिऱ्हाडे. पण गल्ली जिथे संपते तिथे ओढ्याच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली होती, ती पंधरावी. तिच्यात भाजीवाल्या मावशी राहत, त्यांची म्हातारी आई आणि लेक यांच्यासह. मावशींना तुम्ही सगळ्याजणी ओळखता. त्यांच्याकडून मेथीची जुडी दोन रुपयांनी कमी करून घेतली नाही अशी बाई या सभागृहात नसेल, मी सुद्धा त्यातलीच. मावशींचा जावई तेव्हा रात्री-अपरात्री पिऊन येत असे आणि मग आरडाओरडा होई. मावशी मग कोणाच्या तरी दाराशी येत. पहिल्या वेळी आपण उठलो, दुसऱ्या वेळी उठलो, पुढे पुढे आपण खिडकी लावून घेऊ लागलो. तुमचे मला माहीत नाही, मी लावून घेत होते.

त्या रात्री थापा ऐकल्या आणि आवाजही ओळखला. मावशी ओरडत होत्या, ‘ताई, वढा आलाय, वढा आलाय!’ पण पत्र्यावर पाऊस, वर गडगडाट, मला ऐकू आले ते एवढेच, ‘आलाय, आलाय.’ मी समजले जावई आलाय. मी अंथरुणातून उठून खिडकीची फट केली आणि म्हटले, ‘मावशी, आज एकादशी आहे हो. आज तरी शांत बसा!’ आणि खिडकी लावली.

भगिनींनो, हे वाक्य मी गेली इतकी वर्षे मनात घेऊन हिंडते आहे. मावशींना विचारले तर म्हणतात, ‘मला नाही बा काय ऐकू आलं.’ त्या खरे बोलतात की मला सांभाळून घेतात, ते मला अजून कळलेले नाही.

मावशी पुढच्या दाराला गेल्या. मग त्याच्या पुढच्या. मी अंथरुणावर पडून त्या थापा ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काय ही बाई, सगळी गल्ली उठवणार. दहा मिनिटे गेली असतील. मग मोरीतून आवाज आला. हंड्यात पाणी भरताना शेवटी शेवटी जसा गुडगुड आवाज येतो, तसा. मी कंदिलासारखा मोबाइल धरून पाहते तो मोरीच्या जाळीतून काळे पाणी उसळून वर येत होते आणि ताट-वाट्या हलू लागल्या होत्या. मी झाडूने ते पाणी लोटायला लागले. खरेच सांगते, झाडूने! सासूबाई खाटेवर उठून बसल्या आणि एकच म्हणाल्या, ‘झाडू टाक. मोरी उलटी वाहते म्हणजे बाहेर पूर आहे. आधी माणसे काढ.’

मुलीने मेन स्विच खाली ओढला, मी गॅसचे बटण बंद केले. दाराची कडी काढली मात्र, दार अंगावर आले आणि पाण्याचा लोट मांडीपर्यंत घरात शिरला. बाहेर गल्ली नव्हतीच. अंधारात नुसते पाणी पळत होते आणि त्यातून कोणाची तरी स्कूटर आडवी होऊन चालली होती. वाहते पाणी घुडघ्याला लागले की धडधाकट माणसाचा पाय उचलला जातो, हे मी पुस्तकात वाचलेले नाही, त्या उंबऱ्यावर शिकले. सासूबाईंचे गुडघे तर तेव्हाच दुखरे. मी मुलाला काखेत धरले आणि तशीच उभी राहिले. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

तेवढ्यात मावशी पुन्हा आल्या. कंबरेएवढ्या पाण्यातून, एका हाताने दोर धरून. कोपऱ्यावरच्या काकूंच्या दुमजली इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला त्यांनी दोराचे एक टोक बांधले होते आणि दुसरे आमच्या खिडकीच्या गजाला आणून बांधले. ‘दोराला धरून चला, दोर सोडू नका, खांबाला हात लावू नका,’ म्हणाल्या. विजेच्या खांबाचे भान त्यांना होते. सासूबाईंना त्यांनी पाठुंगळी घेतले. त्या दोराला धरून आमच्या बाजूची सात बिऱ्हाडे गच्चीवर गेली. समोरच्या बाजूचे लोक मावशींच्या पहिल्याच हाकेला उठले होते, ते आधीच वर होते. म्हणजे न उठणारे आम्हीच.

गच्चीवर तीस-पस्तीस माणसे होती. बरसाती फ्लेक्सखाली पोरे, बाकी सगळे भिजत. वीज चमकली की ओढा दिसायचा. मला तो ओढा वाटेना. तो भिंतीवरून वाहत होता, आणि त्यात मोटारी काड्यापेटीसारख्या एकमेकींवर चढत होत्या. कुठल्याशा गोठ्यातली जनावरे हंबरत होती, ती मग गप्प झाली. कोणी म्हणाले कात्रजचे तळे फुटले, आणि बायका रडू लागल्या. तळे फुटलेले नव्हते, भरून वाहत होते. पण त्या वेळी ते कोण सांगणार? नदीला पाणी सोडायचे झाले तर इतके क्युसेक सोडले म्हणून बातमी येते. ओढ्याला कोण विचारतो! डोंगरावर ढग फुटला की तास-दीड तासात पाणी आपल्या उंबऱ्याशी. पानशेतचा पूर दिवसाउजेडी आला, हा रात्री आला. सासूबाई गच्चीवर मला म्हणाल्या, ‘तेव्हा निदान दिसत तरी होते.’

रात्री दोनच्या पुढे पाणी उतरू लागले. उतरले तेही चोरासारखे, सकाळपर्यंत गल्लीत नुसता चिखल.

पुढचे सगळे वर्तमानपत्रांत आलेच होते. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. तिकडे खेड-शिवापूरला झोपलेली माणसे वाहून गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे त्या एका रात्रीत मरण पावली. आपल्या गल्लीतले एकही माणूस गेले नाही. याला कोणी देवाची कृपा म्हणतात. असेल. पण दारावर थापा मारणारे हात कोणाचे होते ते मी सांगितले आहे.

घरात काय झाले ते सांगत बसत नाही, प्रत्येकीची कथा तीच आहे. एवढेच सांगते की वड्यांच्या डाळीचे पातेले तरंगत तरंगत देवघराशी जाऊन टेकले होते आणि डाळ जशीच्या तशी, वर चिखलाचा शिंतोडासुद्धा नाही. सासूबाईंनी ते पाहिले आणि ‘त्यांनी जेवायला नाही म्हटले,’ असे म्हणून हसल्या आणि मग खूप वेळ रडल्या. त्या वर्षी सासऱ्यांचे पान मांडले नाही. दुपारी शाळेत कोणी आणून दिलेले पिठले-भात आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

नव्या भगिनींसाठी पुरानंतरच्या दोन गोष्टी मध्येच सांगून टाकते, कारण यात मी चुकले आहे. पुराचे पाणी लागलेले धान्य ठेवू नका. मी गहू धुतले, उन्हात वाळवले, निवडले, आणि आठ दिवसांनी वास आला तेव्हा फेकले. मेहनत ती मेहनत आणि जीवही धोक्यात. दुसरे, अनवाणी चिखल उपसू नका. उंदरा-घुशींच्या मुताने ते पाणी दूषित झालेले असते, पायाच्या भेगांतून रोग शिरतो, त्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. साधा ताप म्हणून अंगावर काढू नका, चिखलात काम केले होते असे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि पाणी उकळूनच प्या.

आता पुन्हा मावशींकडे येते. गल्लीच्या टोकाची ती पत्र्याची खोली सकाळी नव्हतीच. भिंतीचा तेवढा भाग ओढ्यात गेला होता आणि खोलीही गेली होती. ओढ्याचे पाणी पहिल्यांदा शिरले ते तिथे, आमच्या मोरीत नव्हे. मावशींनी आधी आईला आणि लेकीला गच्चीवर पोचवले आणि मग त्या परत फिरल्या. त्या वेळी त्यांच्या खोलीत गुडघाभरच पाणी होते. ट्रंक काढता आली असती, तराजू-वजने काढता आली असती, गव्हाच्या डब्यात चार-दोन सोन्याचे मणी होते ते काढता आले असते. त्याऐवजी त्या दारे वाजवत बसल्या. आणि आम्ही धरून चाललो तो दोर कसला होता ते आम्हांला दोन दिवसांनी कळले. तो त्यांच्या हातगाडीचा. गाडी त्या दोराने खिडकीशी बांधलेली असे. मावशींनी तो सोडून आणला, आणि गाडी गेली.

पंचनामा करायला माणसे आली. कागद मागितले. आपल्याकडे वीजबिल होते, शिधापत्रिका भिजून का होईना पण होती. मावशींच्या खोलीला नंबर नव्हता, आणि आता तर खोलीही नव्हती. ‘घर कुठे आहे ते दाखवा,’ असे त्यांना विचारले गेले. त्यांनी ओढ्याकडे बोट दाखवले. नाव लागले नाही. त्या माणसांनाही मी फारसा दोष देत नाही, त्यांच्या हातात जो तक्ता होता त्यात तसा रकानाच नव्हता.

दोष आपला सांगते. त्याच आठवड्यात आपल्या मंडळाने मदतीची यादी केली, आठवते? भांडी, चादरी, साड्या आल्या होत्या. ती यादी आपण कशावरून केली? वर्गणीच्या वहीवरून. मावशी सभासद नव्हत्या, म्हणून त्या यादीतही नव्हत्या. मी त्या सभेला हजर होते. यादी वाचून झाली, ‘कोणी राहिले का?’ असे विचारले गेले, आणि मी गप्प बसले. का गप्प बसले? बोलले असते तर ती खिडकीची गोष्ट सांगावी लागली असती. चार दिवसांनी आताच्या अध्यक्षबाईंनीच विषय काढला, मी नव्हे. तेव्हा मावशींना साडी द्यायला आपण गेलो तर त्या म्हणाल्या, ‘साडी नको, गाडी द्या. फुकट नको, उसनी द्या.’ भिशीतून पैसे काढून गाडी घेतली. दर आठवड्याला शंभर रुपये याप्रमाणे त्यांनी ते सगळे फेडले, आणि दिवाळीच्या आठवड्यातही खाडा केला नाही. आपल्यातल्या कोणाकोणाची भिशी किती थकते, ते खजिनदारबाईंना विचारा. (हे वाक्य छापू नये असे मला सुचवण्यात आले आहे. मी छापायला दिले आहे.)

पाणी एवढे का आले, हा प्रश्न मुले विचारतात. मी सातवी शिकलेली, मला मोठे शास्त्र सांगता येत नाही. पण माझ्या मुलीने मला एक हिशेब घालून दिला, तो सातवीच्या गणितात बसतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. समजा १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी झाले. म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीत येतो तो मोठा टँकर, एका गुंठ्याला एक. एका एकराला चाळीस टँकर. आता कात्रजपासून इथपर्यंत डोंगर किती, छपरे किती, सिमेंटचे रस्ते किती, याचा विचार करा. पूर्वी यातले कितीतरी पाणी शेतात, माळावर मुरत असे. आता अंगणात फरशी, गल्लीत काँक्रीट. मुरणार कुठे? सगळे टँकर एकाच वेळी ओढ्यात रिकामे होतात. आणि ओढा काही रुंद झालेला नाही, उलट दोन्हीकडून भिंती आत सरकल्या आहेत.

त्यात आपण काय टाकतो तेही पाहू. गणपतीचे निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुन्या गाद्या. पूर ओसरल्यावर खालच्या लहान पुलाच्या तोंडात एक आख्खा सोफा अडकलेला निघाला, तो कोणाचा ते मला ठाऊक आहे, ज्यांचा त्या इथे बसल्या आहेत. पुलाचे तोंड बुजले की मागचे पाणी फुगते आणि जवळच्या गल्लीत शिरते. मी ही निर्माल्याची पिशवी भिंतीवरून टाकत असे. वाहत्या पाण्यात टाकले म्हणजे पवित्र, अशी आपली समजूत. ते पाणी महिन्यातले पंचवीस दिवस वाहतच नाही, हे आपण पाहत नव्हतो.

पुरानंतर ओढ्याची भिंत उंच बांधून झाली. आपल्याला हायसे वाटले. पण उंच भिंत बाहेरचे पाणी अडवते तसे आतलेही अडवते. गल्लीचे स्वतःचे पावसाचे पाणी ओढ्यात जायला जी भोके आहेत ती कचऱ्याने भरली, की आपण हौदात बसल्यासारखे होऊ. ती भोके मेअखेर उघडून पाहायची, हे काम मी आणि समोरच्या वहिनी करतो. आणखी दोघी मिळाल्या तर बरे होईल, वहिनींची कंबर आता धरते.

बाकी आपण काय ठरवले आहे ते थोडक्यात सांगते. गल्लीची यादी आता दारांप्रमाणे केली आहे, वर्गणीप्रमाणे नाही. भाडेकरू, एकटी माणसे, ऐकू न येणारी, पाय धरलेली, बाळंतीण, सगळ्यांची नोंद त्यात आहे, आणि कोणाला कोणी उचलायचे तेही लिहिले आहे. कागदपत्रांची पिशवी फडताळाच्या वरच्या कप्प्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गडगडाटी संध्याकाळी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी वरच्या मजल्यावर झोपायला जायचे, त्यात संकोच धरायचा नाही. मोरी गुडगुडली की मेन स्विच, गॅस, माणसे, या क्रमाने. दुचाकी वाचवायला कोणी खाली उतरायचे नाही, मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगा, आणि मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांना सांगा. मदतीला ११२ किंवा अग्निशामक दलाचा १०१ नंबर लावायचा, पण गाडी गल्लीत पोचेपर्यंत आपले आपणच आहोत असे धरून चालायचे.

आणि घंटा. मंडळाच्या आरतीची पितळी घंटा आहे, ती पावसाळ्याचे चार महिने आणि पुढे दिवाळीपर्यंत भाजीवाल्या मावशींकडे असते. आता त्या काकूंच्या जिन्याखालच्या खोलीत राहतात, आणि पहाटे तीनला मार्केट यार्डात जायचे म्हणून गल्लीत सर्वांत आधी जाग्या असतात. जावई वेगळा झाला. मावशींना आपण सभासद व्हा म्हणून दोनदा विचारले. त्या म्हणाल्या, ‘तुमची मीटिंग पाच वाजता, माझं गिऱ्हाईक पाच वाजता. कसं जमायचं?’ सभेची वेळ बदलावी असा ठराव मी मागच्या वर्षी मांडला होता. पाच वाजताच बऱ्या, दुपारची झोप आणि रात्रीचा स्वयंपाक यांच्यामध्ये तेवढाच वेळ मिळतो, असे बहुमताचे म्हणणे पडले. तो ठराव मी यंदा पुन्हा मांडणार आहे, हे आताच सांगून ठेवते.

गेल्या जूनमध्ये आपण घंटेची चाचणी घेतली. रात्री दहाला मावशी गल्लीभर घंटा वाजवत फिरल्या. चौदा दारांपैकी तेरा उघडली. एका घरी पाहुणे होते, त्यांना वाटले चाचणी आहे, कशाला उठा. आतून आवाज आला, ‘कळले हो मावशी, जा आता.’ मावशी गेल्या नाहीत. दारासमोर उभ्या राहून वाजवतच राहिल्या. पाच मिनिटे, सात मिनिटे. शेवटी घरधनी लुंगी सावरत बाहेर आले, त्यांच्यामागून पाहुणेही आले आणि सगळे उंबऱ्याबाहेर रस्त्यावर येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे मावशींनी हात थांबवला. मग त्या माझ्या दाराशी आल्या. माझे दार उघडेच होते, मी साडेनऊपासून पायरीवर बसले होते. ‘ताई,’ त्या म्हणाल्या, ‘आज एकादशी नाय ना?’